दिव्यांच्या दोन ओळी

माधवी,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच तो फांदीवरून खाली आला आणि चोच मारून मोकळा झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी चुलत काकू डोळे पुसत म्हणाली, "बघा, पोरीची काही इच्छा राहिली नव्हती हो मागे." हेमंतनंही मान हलवली. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाजूला झाले. तुझ्या मनात काय राहिलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कुणामुळे राहिलं तेही. कावळ्याला काय कळतंय, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं, तेही मनातल्या मनात. एरवी मी असलं काही बोलले असते तर तू खूश झाली असतीस.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्याविषयी दोन शब्द लिहून द्या, असा निरोप आलाय. बडोद्याची मराठी वैमानिक, शिक्षण कुठं झालं, कोणकोणती विमानं चालवली, सत्कार कुणी केले. ते सगळं तुझा भाऊ हेमंत लिहील, त्याला पाठच आहे. मी तुला लिहिते आहे. आणि आधीच सांगते वन्सं, मी तुझं कौतुक करायला बसलेली नाही. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले, आणि ते खोटं तू शेवटपर्यंत खरं धरून गेलीस. ते सांगायला बसले आहे. पण मी पडले चष्म्याच्या दुकानातली बाई. गिऱ्हाइकाला नंबर सांगण्याआधी चार फ्रेमा दाखवायची सवय. तेव्हा थोडं इकडचं तिकडचं आधी येईल.

हेमंतशी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. चिडवायला म्हणून मी तुला वन्सं म्हणायला लागले, आणि तू विमानं उडवायला लागलीस तरी ते नाव काही सुटलं नाही. रात्रीचं उड्डाण असलं की तू संध्याकाळपासून घरातले दिवे मालवायला लावायचीस. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना निदान अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास तुला आमच्यापासून सुरू करायचा असायचा. हेमंत अंधारात मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळायचा. मी म्हणायचे, "अगं, अकोट्याच्या पुलावरचे दिवे काय तुझ्यासाठी बंद होणार आहेत?" तर तू दिवेलागणीला काळा गॉगल लावून हेमंतच्या स्कूटरवर मागे बसून विमानतळावर जायला लागलीस. शेजारच्या काकी मला काळजीनं विचारायच्या, "माधवीबेनने आंख आवी छे?" मी म्हणायचे, हो, डोळे आलेत, आणि मेंदूही आलाय.

गच्चीवर तू मला एक फिकी चांदणी दाखवायला नेलं होतंस. मला दिसेना. तू म्हणालीस, "थेट बघू नको, वहिनी. जरा बाजूला बघ, म्हणजे ती दिसेल." आणि दिसली. तसं ते मला माहीत होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग अंधारात कामाचा नसतो, कडेचा भाग कामाचा असतो, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पण लिहिल्यावर कधी वर मान करून बघितलं नव्हतं. रात्रीच्या आकाशात डोळा माणसाला कसा फसवतो हे तू मला जेवणाच्या टेबलावर ताट आणि वाट्या मांडून समजवायचीस. खाली सगळा काळोख असला आणि लांब नुसती धावपट्टी उजळलेली असली, की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि माणूस विमान खाली खाली घेत जातो. काचेवर पावसाचं पाणी पसरलं की धावपट्टी आहे त्याहून खाली दिसते. आपलं त्यावर भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, डोळा तयार असला की काही फसत नाही. तू म्हणायचीस, "तू डोळ्याच्या आत बघतेस, वहिनी. डोळ्याच्या बाहेर पण दुनिया आहे ने."

तू वर असलीस की आई झोपायच्या नाहीत. कंपनीच्या साहेबांना मुंबईहून आणायचं असो की एखादा रुग्ण अहमदाबादला पोचवायचा असो, तुझं ते छोटं विमान खाली उतरून तुझा फोन येईपर्यंत आई पलंगावर बसलेल्या. त्यांचा रक्तदाब वाढलेला असायचा, एकटं ठेवता यायचं नाही, म्हणून मीही बसायचे. हेमंतला उठवायचं तर वाजंत्री लावावी लागली असती. दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारच्या दुकानात गिऱ्हाइकाआधी मीच तक्त्यावरची अक्षरं चुकायचे. याची मी तुझ्याकडे कधी तक्रार केली नाही. म्हणजे, तोंडानं केली नाही.

मग तुझ्या विमानाची पुढची काच बदलली. पक्षी आपटून जुनीला चीर गेली होती. नवी काच बसली आणि तू सांगायला लागलीस की रात्री उतरताना धावपट्टीच्या दिव्यांच्या ओळी दोन दिसतात. एक खरी, आणि तिच्या जराशी वर एक फिकी. छाणीकडच्या रस्त्याचे दिवेसुद्धा जुळे दिसतात म्हणालीस. तू कंपनीला सांगितलंस. दुसऱ्या वैमानिकांनी त्याच विमानातून जाऊन बघितलं, त्यांना काहीच दिसलं नाही. एकजण म्हणाला, मॅडम, गाजर खा. तू हसत हसत घरी येऊन ते सांगितलंस, पण जेवली नाहीस त्या दिवशी.

मी तुला दुकानात बोलावलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवून सगळं तपासलं. एक किरकोळ सिलिंडर नंबर निघाला, जो निम्म्या बडोद्याला असेल. मी म्हटलं, पुढच्या वेळी वर असताना एक डोळा झाकून बघ. तू बघून आलीस. एक डोळा झाकला तरी ओळी दोनच. झालं, मला उत्तर मिळालं. एका डोळ्यानंही दोन दिसतात म्हणजे खोट त्या डोळ्यातच, भिंगात. पुस्तकात तसंच आहे. फक्त पुस्तक लिहिणाऱ्यानं रोगी आणि दिवा यांच्यामध्ये विमानाची काच धरलेली नव्हती, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

हे मी तुला एकटीला बाजूला घेऊन सांगू शकले असते. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखव म्हणू शकले असते. मी ते रविवारी दुपारी सगळ्यांच्या देखत, पानावर बसल्यावर सांगितलं. "काचेत काही नाही. हिच्या डोळ्यातच मोतीबिंदूची सुरुवात झालीय. वयच आहे." आईंचा घास हातात राहिला.

"म्हणजे हिला दिसत नाही?"

"दिसतं हो आई. पण रात्री एकाचे दोन दिसतात."

आईंनी ताट पुढं सरकवलं. "माधवी, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. रात्रीचं उडायचं नाही."

हेमंत म्हणाला, "आई, जमताना काय शपथा घालतेस? शांतीने दोन घास जमू दे ने तिला."

तू आईंकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मग "बरं" म्हणालीस आणि आमटी मागितलीस. खूप वर्षांनी एकदा तू मला विचारलं होतंस, "तेव्हा ते तू जेवताना का सांगितलंस, वहिनी?" मी म्हटलं, सुचलं नाही गं तेव्हा. सुचलं नाही हे खोटं. माझं वाक्य संपायच्या आत माझ्या मनात येऊन गेलं होतं, की चला, आता रात्री बसावं लागणार नाही. तुझ्या भिंगात मला खरोखर काही दिसलं होतं की दिसावंसं वाटलं होतं, याची खात्री मला आजही देता येत नाही.

तुमच्या घरातल्या शपथेचे कायदे मला लग्नानंतर कळले. आमच्या माहेरी शपथ म्हणजे बोलण्यातलं मीठ, उठसूट घालायची आणि विसरायची. तुमच्याकडे तसं नाही. मोडायची तर नाहीच, पण जिला घातली तिनं ती सोडव म्हणून मागायचंही नाही. मागितली तर घालणाऱ्याला बाधते. तिसऱ्या माणसानं मध्ये पडायचं, घालणाऱ्याला पटवायचं, आणि घालणाऱ्यानं तोंडानं "सुटली" म्हणायचं. तेव्हा सुटते. तूही या सगळ्याला हसायचीस, पण पाळायचीस. एवढी शिकलेली तू, आणि हे काय, असं मी विचारलं तर म्हणालीस, "विमान विज्ञानावर चालतं, वहिनी. घर आईवर चालतं."

तू कंपनीला सांगून दिवसाची उड्डाणं घेतलीस. निम्मं काम गेलं. जे गेलं ते तुला आवडायचं ते होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आई मात्र रात्री झोपायला लागल्या. मीही.

पण शपथ उडायची होती, बसायची नव्हती. हे तुझंच डोकं. अंधार पडायला लागला की तू उभ्या विमानात जाऊन एकटी आपल्या जागेवर बसायला लागलीस. आणि एका संध्याकाळी मला दुकानात फोन. "वहिनी, दुकान हेमंतवर टाक आणि ये. चोक्कस ये, बहाणे नको." फाटकावर तुझ्या ओळखीनं मला आत सोडलं. तू मला तुझ्या जागेवर बसवलंस. समोर कुंपणाच्या कडेनं खांबांवर दिवे लागलेले होते.

"किती ओळी?"

"एक," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"आता खाली सरक. अजून. माझ्याएवढी हो."

मी उंच, तू आमच्या घरातली सगळ्यात बुटकी. सीट वर घेतली की तुझे पाय पेडलला पुरायचे नाहीत, म्हणून तू खालीच बसून उडवायचीस. मी कंबर दुखेपर्यंत खाली घसरले आणि दुसरी ओळ दिसली. पहिलीच्या वर, फिकी, पण स्पष्ट. एकेका दिव्याला एकेक जोडीदार. तू म्हणालीस, "आता मान खांद्यावर टाक." मी टाकली. "डोळ्यात दोष असता तर मानेबरोबर ती दुसरी ओळ पण तिरकी फिरली असती ने? फिरते का?" फिरत नव्हती. जिथं होती तिथंच, वरच्या वर. मग तू बाजूची छोटी खिडकी उघडलीस. "आता या बारीतून बघ." एकच ओळ.

काच एकसंध नसते, पापुद्र्यांची असते, आणि त्या पापुद्र्यांमध्ये उजेड आपटून एक जास्तीचा दिवा तयार होतो, हे तू मला दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून समजावलंस. त्या खालच्या कोनातून बघणारी तू एकटीच होतीस, म्हणून एकटीलाच दिसत होतं. मान तिरकी करून बघ, एवढंच मी सांगायला हवं होतं तुला. इतकी वर्षं डोळे तपासणारी बाई मी. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तसा मला सगळ्या जगातला दोष डोळ्यातच दिसायचा. मला रडू यायला लागलं तर तू हसलीस. "माझी वहिनी चुकते, पण मन लावून चुकते." पुढं हेच वाक्य सांगून तू तुझे सोबती माझ्याकडे चष्म्याला पाठवलेस. ते दुकानात आले की आधी हसायचे आणि मग नंबर काढून घ्यायचे. त्या चुकीबद्दल तू मला कधी एक कडू शब्द बोलली नाहीस. त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते, माझ्याहून लहान असलीस तरी.

मोठ्या डॉक्टरांनीही तुझे डोळे स्वच्छ असल्याचं लिहून दिलं. कंपनीनं काच पुन्हा बदलली. तू म्हणालीस, "आता तू आईला सांग. तुझंच ऐकेल ती. तू तिची डोळ्यांची डॉक्टरीण."

"उद्याच सांगते," मी म्हटलं.

उद्या आईंचं पोट बिघडलं होतं. परवा पाहुणे आले. ही कारणं खोटी नव्हती, पण पोट बिघडलेल्या माणसालाही "माधवीचे डोळे चांगले आहेत" एवढं सांगता येतं. मला सांगायचं नव्हतं. एक तर माझं नाक. सगळ्या आळीला "आमची शैला डोळ्यांची डॉक्टरीण" म्हणून सांगणाऱ्या सासूपुढं, मी चुकले, म्हणायचं होतं. आणि दुसरं, ते महिने या घरातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. तू रात्री घरात असायचीस. जेवणं झाली की आपण तिघी पाच-तीन-दोन खेळायचो. आई पत्ते चोरायच्या आणि पकडल्या की देवाची शपथ घ्यायच्या. तू म्हणायचीस, देवाची चालेल, तुझ्या गळ्याची नको घालूस. त्या लाजून हसायच्या. ते मला हवं होतं. अजून थोडे दिवस हवं होतं.

मग तू एका सकाळी ओट्याशी आलीस. मी पोळ्या लाटत होते.

"वहिनी, आईला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाल्या."

"डोळा चांगला आहे सांगितलंस?"

"सांगितलं गं. म्हणाल्या, काच असो की डोळा असो, मला भीती वाटते ती वाटतेच."

आईंच्या तोंडी शोभेल असं वाक्य मी एक पोळी लाटून होईपर्यंत तयार केलं, आणि ते इतकं त्यांच्यासारखं झालं की तू लगेच विश्वास ठेवलास. मला वाटलं होतं, चार दिवसांनी आईंना खरंच विचारीन, त्या सोडतील, मग तुला सांगीन की आता तयार झाल्या. काही बिघडणार नाही. तू "बरं," म्हणालीस. "माझ्यापेक्षा तिला तिची भीती मोठी." आणि गेलीस.

चार दिवस वाट बघायची वेळच आली नाही, कारण तू त्याच संध्याकाळपासून आईंशी बोलणं कमी केलंस. भांडली नाहीस, आवाज चढवला नाहीस. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर. चहा दिलास तर पेला ठेवून निघून गेलीस. जेवण झाल्यावर मी पत्ते काढले तर म्हणालीस, "मला नको, तुम्ही दोघी खेळा." पाच-तीन-दोन दोघींत कसं खेळणार? आई तरी पत्ते पिसत बसायच्या.

"शैला, माधवी माझ्यावर रुसलीय का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो आई. कामाचा ताण असतो."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी काही बोलले का तिला? मला आठवत नाही, पण वयामुळे जातं तोंडातून." मी म्हटलं, तुम्ही काय बोलणार. एकदा त्यांनी तुझ्यासाठी वेगळी घारी तळून ठेवली. तू "नको, पोट भरलंय" म्हणालीस. त्या ती वाटी झाकून ठेवून आपल्या पलंगावर जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात उभी होते. एका वाक्याचं काम होतं. पण आता ते वाक्य दोघींना सांगावं लागलं असतं. तुला सांगायचं की मी खोटं बोलले, आणि त्यांना सांगायचं की मी तुमच्या तोंडी शब्द घातले. एका खोट्याला राखायला दुसरं लागतं, आणि मी राखत बसले. आज तू हसून बोलशील, उद्या बोलशील, मग आपोआप मिटेल असं धरून चालले. तू किती मानी आहेस हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्या उन्हाळ्यात आई गेल्या. झोपेतच. तू दुपारी उतरून आलीस, त्यांच्या पायाशी बसलीस आणि रडली नाहीस. आलेली माणसं म्हणाली, वैमानिक आहे, मन घट्ट असतं यांचं. मी आतल्या खोलीत जाऊन चादरी काढत राहिले.

आता शपथ सोडणारं कुणी उरलं नाही. घालणारा गेला की ती कायमची, हाही तुमच्या घरचा कायदा. मी एकदा भीत भीत म्हटलं, आता कसली शपथ घेऊन बसलीस, उड की. तू म्हणालीस, "जिवंतपणी सोडली नाही तिनं, वहिनी. गेल्यावर मी कशी सोडू?" तू कंपनी सोडलीस आणि मुलांना शिकवायला लागलीस, उजेडातल्या उजेडात. रात्री कसं उतरायचं ते तू त्यांना फळ्यावर शिकवायचीस आणि प्रत्यक्ष शिकवायला दुसरं कुणी जायचं. तुझ्या सत्काराच्या वेळी कुणीतरी विचारलं, रात्रीचं का उडवत नाही, तर तू माइकवर सांगितलंस, "आईला आवडत नव्हतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

आणि मोतीबिंदू शेवटी झाला तो मलाच. तू दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात औषध घालायचीस, पापणी बोटानं अशी हलकी धरून की मला कळायचंही नाही. "आता कळलं का डॉक्टरीणबाई, खरा दोष कसा असतो? मान तिरकी करा बघू." मी हसायचे. डोळ्यातून औषधाबरोबर दुसरंही काही यायचं, ते तू पुसून टाकायचीस. तेव्हा बोलायचं होतं मला. तू इतकी जवळ असायचीस. पण ज्या हातानं तू औषध घालतेस तो हात तू मागे घेशील, अशी भीती वाटली. मी भित्री आहे, माधवी. आईंच्या तोंडी जी भीती मी घातली ती माझीच होती.

तुझ्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका दुपारी मी मोसंबी सोलत होते. तू छताकडे बघत पडली होतीस. मधेच म्हणालीस, "वहिनी, आई गेली तेव्हा मी तिच्याशी धड बोलत नव्हते. तिला कळलं असेल का गं? तिनं कधी काही विचारलं माझ्याबद्दल?"

मला वाटलं, आता या अवस्थेत हिला त्रास कशाला. खरं तर मला त्रास नको होता. मी म्हटलं, "नाही गं. त्यांना कुठलं कळायला? त्या आपल्या नेहमीसारख्याच होत्या."

तू म्हणालीस, "म्हणजे तिला काही फरकच पडला नाही." आणि कूस बदललीस.

मी मोसंबीच्या फोडी वाटीत मांडत राहिले. तुला समजवायला म्हणून बोलले होते आणि आणखी एक वार करून बसले. त्यानंतर तू धड शुद्धीवर अशी आलीच नाहीस. हा दोष ना काचेचा, ना डोळ्याचा. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा हेमंतला सगळं सांगितलं. तो एक फ्रेम पुसत होता. पुसून झालेली फ्रेम त्यानं परत पुसायला घेतली. मग म्हणाला, "आईवर मी पण राग धरून होतो, शैला. इतकी वर्षं." मी म्हटलं, माफ कर. तो म्हणाला, "मला कशाला सांगतेस? माझं काय गेलं? तिला सांग." आणि शटर खाली ओढून एकटाच चालत घरी निघून गेला. काल रात्री आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. माझी काही तक्रार नाही.

तर तुला सांगते. आईंनी तुला नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं "सुटली" म्हटलं असतं, आणि इतके दिवस का नाही सांगितलंस म्हणून मलाच झापलं असतं. त्यांना तुझ्यापेक्षा भीती मोठी नव्हती. तू त्यांच्याशी बोलली नाहीस, तो अपराध तुझा नव्हता. माझा होता, आणि तू तो आपला समजून उशाशी घेऊन झोपलीस. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

आणि त्या दुपारी तू विचारलंस ना, तिनं कधी काही विचारलं का म्हणून? विचारायच्या गं. माझ्याकडे न बघता, रोज विचारायच्या, तू त्यांच्यावर का रुसलीस म्हणून. उत्तर फक्त मला येत होतं.